समोर बसून ‘मग?’ म्हणणारा

विलास,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही, हे आधी सांगून टाकतो. कुणी तोंडावर हात ठेवला असं नाही. सांगलीत आपण ज्या हॉलात रविवारी चहा पीत भांडत बसायचो, तिथंच सभा होती. खुर्च्या त्याच, कुरकुरणारा पंखाही तोच. टेबलावर तुझा फोटो होता आणि तुझ्या इच्छेप्रमाणं त्याला हार घातलेला नव्हता. बिनहाराचा फोटो बघून मला सारखं वाटत राहिलं, की तू बसस्टँडवरून चालत येतोयस आणि तोवर तुझी जागा धरायला कुणीतरी फोटो ठेवलाय.

सभा सुरू व्हायच्या आधी मी अशोकला बाजूला घेतलं. तो साताऱ्याहून दवाखाना बंद ठेवून आला होता आणि रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. मी म्हटलं, “मला भाषण जमायचं नाही. मी आमच्याकडची एक ओवी म्हणतो आणि तिची गोष्ट सांगतो. विलासला ठाऊक असलेलीच.” अशोकनं माझा खांदा धरला आणि हळूच म्हणाला, “आज नको रं महादेव. देवाबिवाचं हाय न्हवं त्यात? त्याला आवडलं नसतं.” मी बरं म्हणालो आणि मागच्या रांगेत जाऊन बसलो.

मग भाषणं झाली. चांगली झाली, खोटं कशाला बोलू. फक्त एका गृहस्थांनी ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हे शब्द इतक्यांदा वापरले, की तू असतास तर चहा सांगायच्या निमित्तानं उठून बाहेर गेला असतास. सुनंदावहिनी पुढच्या खुर्चीत ताठ बसून होत्या. एकदाच त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

तुला खरंच आवडलं नसतं का रे? एवढं एकच विचारायला लिहायला बसलोय. एरवी हा प्रश्न मी तुलाच फोन करून विचारला असता, आणि तू “आधी मला सांग, आवडणं म्हंजी काय?” असं म्हणून तासभर घेतला असतास.

मी दमलोय, विलास. वयानं दमलोय तसाच सांगून सांगूनही दमलोय. जत्रेहून परत आल्यावर बँकेत कुणीतरी कपाळावरच्या पिवळ्या भंडाऱ्याकडं बघून विचारायचं, “आज काय विशेष, साहेब?” मग सांगायचं. ढोल कशाला, भंडारा का उधळता, बोकड कशाला कापता, शिकलेला माणूस असून ढोलाच्या तालावर गजी कसा नाचता, सगळं सांगायचं. तिकडं गावी गेलं की उलटी तऱ्हा. तिथले लोक म्हणणार, “तुमी आता सांगलीकर. तुमाला आमच्यातलं काय कळतंय?” मग तिथं सांगायचं, की मी तुमच्यातलाच आहे. दोन्हीकडं दाखला काढून दाखवल्यासारखं झालं. माणसानं आपल्याच घरात किती वर्षं ओळख सांगायची?

आणि त्यात तू. इतरांना मी वरवरचं काहीतरी सांगून मोकळा व्हायचो. तुझ्यापुढं ते चालायचं नाही.

हॉस्टेलवरचं आठवतंय? मी खाटेवर घोंगडं अंथरलं आणि तू दारातूनच म्हणालास, “ह्येला मेंढराचा वास येतोय.” मी म्हणालो, “मेंढराचंच हाय ते. तुझ्या उसाला गुळाचा वास येत न्हाई व्हय?” तू कडेगावकडचा, घरी पाण्याखालची जमीन, धाकटा भाऊ फौजेत निघालेला. मी आटपाडीच्याही पुढचा, कुसळांच्या माळावरचा, वाडवडील मेंढरांमागं हिंडलेले. त्या थंडीत तू तेच घोंगडं माझ्या अंगावरून ओढून घेतलंस आणि वर बजावलंस, की हे फक्त थंडीपुरतं आहे, यावरून कुठलाही निष्कर्ष काढायचा नाही.

रहिमतपूरचा अशोक आपल्यात नंतर आला. तो तेव्हापासून असाच आहे, प्रेमळ आणि हसरा. मी काही सांगायला लागलो की हसायचा, “चालू दे तुझं.” त्याच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण त्याच्या ‘चालू दे’नं माझं बोलणं तिथंच थांबायचं. तू मात्र खुर्ची पुढं ओढायचास. “थांब, थांब. हे असंच का? कुणी ठरवलं? न्हाई केलं तर काय व्हतं?” मला संताप यायचा. एकदा तर मी तुझ्यावर उपरणं फेकून निघून गेलो होतो आणि बसस्टँडवरून परत आलो, कारण मला अर्ध्या वाटेत उत्तर सुचलं होतं. तू दार उघडून म्हणालास, “सुचलं वाटतं. बस.”

हे मला आत्ता कळतंय असं नाही. तेव्हाही कळत होतं, की जो भांडतो त्यानं तुमचं म्हणणं निदान खरं धरलेलं असतं. पण हे तुला म्हणून दाखवलं असतं तर तू त्यावरही भांडला असतास.

तू जत्रेला पहिल्यांदा आलास तो दिवस मात्र मी कुणालाही सांगितला की अजून हसतो. तू अटी घालून आला होतास. कपाळाला भंडारा लावणार नाही, पाया पडणार नाही, बोकडाचं मटण खाणार नाही. आमच्या देवाचं नावही तू घेतलं नाहीस, ‘तुमचा माळवाला’ म्हणायचास. मी म्हटलं, चालेल, तू नुसता ये. मनातून मी धास्तावलो होतो. आमची माणसं साधी असली तरी देवाच्या बाबतीत चेष्टा खपवून घेत नाहीत.

दुपारी ढोल थांबले, गजी नाचून दमलेले गडी लिंबाखाली टेकले आणि बैठक बसली. ओवी म्हणायचं काम आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या चुलत्यांचं. आधी गायची आणि मग तीच साध्या बोलीत सांगायची. सांगणाऱ्याच्या समोर एक जण हुंकार द्यायला बसतो. तो ‘व्हय’ म्हणतो, ‘मग?’ म्हणतो, आणि तो म्हणाल्याशिवाय सांगणारा पुढं सरकत नाही. हुंकार देणारा नसेल तर गोष्ट सांगतच नाहीत आमच्यात. वर्षानुवर्षं तिथं लिंबाजी बसायचा. त्या साली तो खोकल्यानं आडवा झाला होता.

“कोण बसतंय?” तात्यांनी विचारलं. सगळ्यांना गोष्ट पाठ, कुणालाच उत्साह नव्हता. तू वर्गात हजेरी द्यावी तसा हात वर केलास. मी तुझा सदरा ओढला, पण तू तोवर उठला होतास. तात्यांनी तुझ्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, “बसा, मास्तर.” तू शाळेत शिकवतोस हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

गोष्ट तुला ठाऊक आहे, तरी सांगतो. मेंढका माळावर मेंढरं चारत होता. वाड्यावरून, म्हणजे बिऱ्हाडाच्या तळावरून सांगावा आला, की बायको अडलीय, पळत ये. मेंढरं कुणाच्या जिवावर सोडायची? तिथं एका धोंड्यावर देव बसला होता. मेंढका म्हणाला, “देवा, माझ्या माघारी जरा नजर ठेव.” देव म्हणाला, “जा, मी हाय.” मेंढका गेला, लेकराचं तोंड बघून परत आला, तर मेंढरांत एक मेंढी कमी. पांढऱ्या कानाची, पायानं जरा अधू असलेली.

इथवर तू शहाण्यासारखा ‘व्हय’ आणि ‘मग?’ म्हणत होतास. इथं आल्यावर तू हात वर केलास. “थांबा, तात्या. देव राखणीला बसला हुता न्हवं? मग मेंढी गेली कशी?”

असं कुणी कधी विचारलं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तात्या तुझ्याकडं बघत राहिले आणि मग पोट धरून हसायला लागले. “मेंढकाबी त्येच इचारतोय, मास्तर! म्होरं ऐका.”

आणि पुढं खरंच तेच होतं. मेंढका देवाला विचारतो, “तू हुतास न्हवं? मग गेली कशी?” देवाला उत्तर देता येत नाही. तो खाली मान घालतो, मेंढक्याची काठी मागून घेतो आणि मेंढी शोधायला निघतो. तो अजून परत आलेला नाही. म्हणून आमच्या देवळात मूर्ती नाही, तो बसला होता तो धोंडा तेवढा आहे. भंडारा आम्ही त्या धोंड्यावर वाहतो. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण मेंढका देवाला जाब विचारतो ही तिची गाठ आहे, हे तू मध्ये बोललास तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

निघताना तात्या मला म्हणाले, “फुडल्या साली ह्येलाच आण. लिंबाजी नुस्ती मान हलवतोय.” तू परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसून म्हणालास, “तुझ्या चुलत्यानं उत्तर टाळलं.” मी म्हणालो, “टाळलं न्हाई. तेच उत्तर हाय.” विट्यापर्यंत आपण त्यावर भांडलो. विट्यात तू भजी घेतलीस आणि म्हणालास, “पण एक हाय गड्या, तुमचा देव तपासाच्या कामात लयच ढिला. आजून एक मेंढी घावंना म्हंजी काय?” शेजारच्या म्हातारीनं आपल्याकडं रागानं बघितलं, आणि आपण दोघंही खो-खो हसत सुटलो.

तेव्हापासून दरवर्षी तू आलास. अटी त्याच. कपाळ कोरंच, पण हवेतल्या भंडाऱ्यानं सदऱ्याची कॉलर पिवळी व्हायची आणि ती धुताना सुनंदावहिनी तुझ्या नावानं बोटं मोडायच्या. दरवर्षी तोच प्रश्न तू त्याच जागी विचारायचास आणि तात्या तेच उत्तर द्यायचे. गावातली माणसं तुझ्या प्रश्नाची वाट बघत बसायची. “आता मास्तर इचारणार,” असं एकमेकांना कोपरानं ढोसून सांगायची. एका साली तुला यायला उशीर झाला तर तात्यांनी बैठक थांबवून धरली. नास्तिक माणसासाठी जत्रा थांबली, असं मी सांगलीत सांगितलं तेव्हा अशोकला ते खरं वाटलं नाही.

तरी मी तुला सांगतो, तू आमचा झाला नाहीस. लोक परवा तसं काही म्हणायला लागले होते, की मास्तर मनातून मानत होते. मला त्याचा राग आला. तू मानत नव्हतास. तू शेवटपर्यंत मानलं नाहीस आणि ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझ्या न मानण्याला मी तुझ्यामागं हात लावू देणार नाही.

आपलं एक भांडण मात्र राहिलं. सुनंदावहिनी एका वर्षी तुझ्याबरोबर जत्रेला आल्या होत्या. त्या ढोलाच्या पलीकडं, बायांच्या घोळक्यात बसल्या. परतताना तू म्हणालास, “हुंकार द्यायला बाई का बसत न्हाई?”

मी म्हणालो, “आमच्यात तसं न्हाई.”

“का?”

“का म्हंजी? पहिल्यापास्नं न्हाई.”

“गोष्टीतली बाई तिकडं अडलीया. तिच्यापायी मेंढका पळाला. मग गोष्ट ऐकायला बाई समोर का नगं?”

बाकी सगळ्या प्रश्नांची उत्तरं मी शोधून आणली होती, अर्ध्या वाटेतून परत येऊन दिली होती. बोकडावर आपण रक्त आटेपर्यंत बोललो आणि शेवटी मी माझ्यापुरतं नारळावर आणलं. पण या प्रश्नाला मी ‘बघू’ म्हणालो. तात्यांचं वय, गावातली माणसं, माझी तिथली अर्धीमुर्धी पत, हे सगळं डोळ्यांपुढं आलं. एक तर मला तिथं सांगलीकर म्हणतात, त्यात मी हे काढायचं? तू म्हणालास, “बघू म्हंजी न्हाई.” मी म्हणालो, “बघू म्हंजी बघू.” नंतर दर जत्रेला तू एसटीत बसलास की नुसता विचारायचास, “बघितलंस का?”

दवाखान्यात तुला भेटायला आलो तेव्हाही तू तेच काढलंस. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. मला वाटलं, तुला पाणी हवंय. मी खाली वाकलो तर तू म्हणालास, “बघितलंस का?” मी म्हणालो, “आधी बरा हो, मग भांडू.” तू डोळे मिटून हसलास. मला वाटलं, भांडायला अजून पुष्कळ वेळ आहे. तो नव्हता.

तू गेल्यावर काय झालं तेही ऐक. देहदानाचं तू सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतंस, तरी गाडी दारात आली तेव्हा तुझी भावकी बिथरली. तुझा धाकटा भाऊ संपत रजा काढून आला होता. फौजेतून निवृत्त होऊन दुसरी नोकरी धरलेला माणूस, पण लेकरासारखा रडत होता. “अग्नीबी न्हाई, दहावंबी न्हाई? माझ्या भावाला असाच लावून द्यायचा?” असं म्हणत तो माझ्याकडं वळला. “महादेवदादा, तुमी देवाचं माणूस. तुमी तरी सांगा ह्या गाडीवाल्यांस्नी.”

सगळी भावकी माझ्याकडं बघायला लागली. मला क्षणभर हसू आलं, विलास. जन्मभर तुझ्यापुढं माझ्या देवाची बाजू मांडली आणि आता देवाच्या माणसांपुढं तुझी मांडायची होती. मी म्हणालो, “संपत, मी माझ्या रीतीचा माणूस हाय, म्हणून सांगतो. ज्येची रीत त्येला. त्यानं ही त्याची रीत ठरवली हुती. ती मोडायचा आपल्याला हक न्हाई.” संपत मटकन खाली बसला. गाडी गेली. रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला होता, त्यामुळं ती कोपऱ्यावर बराच वेळ थांबून राहिली. आम्ही सगळे तिच्याकडं बघत उभे होतो.

तुझी बाजू मी मांडली आणि ती टिकली. मग सांगलीच्या हॉलात माझी बाजू कुणी मांडायची होती? अशोकला दोष देत नाही. तू तिथं असतास तर “म्हणू दे रं त्याला” म्हणाला असतास की नसतास, हे मला कळेना. सभेनंतर मी हे एवढंच चघळत बसलो होतो. तीस-पस्तीस वर्षांच्या दोस्तीत मी तुमच्यात होतो, का तुम्ही मला ‘चालू दे’ म्हणत होता? वाईट एवढंच वाटलं, की तुझ्यासाठी रडायचं तेही मला माझ्या भाषेत रडता आलं नाही.

चार दिवसांमागं तात्यांचा फोन आला. त्यांचा घसा आता चालत नाही, या साली गोष्ट मी सांगायची असं ठरलंय. “म्होरं कोण बसवायचा?” त्यांनी विचारलं. “लिंबाजीबी गेला. मास्तरबी गेलं.” थोडं थांबून म्हणाले, “मास्तर असा कसा गेला रं?” मी बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवला.

काल कडेगावला गेलो होतो. सुनंदावहिनी घराच्या पुढच्या सोप्यात एकट्याच शेंगा फोडत बसल्या होत्या. संपत माघारी कामावर गेला होता. खुंटीवर तुझा पिवळ्या कॉलरचा सदरा अजून होता. मी बसलो. इकडचं तिकडचं बोललो. मग त्याच म्हणाल्या, “भावजी, त्या दिशी सांगलीत तुमी काय म्हणणार हुता?”

“कुठं काय, वैनी?”

“अशोकभावजी तुमास्नी नगं म्हणाले न्हवं? मी बघत हुते.”

“काय न्हाई. ती आमच्या माळावरची गोष्ट. मेंढीची.”

“ती मला ठावं न्हाई,” त्या म्हणाल्या. “जत्रंला आले तवा मी पार पल्याड बसलेली, काय ऐकूच आलं न्हाई. घरी आल्यावर ह्यांस्नी इचारलं. तर म्हणाले, ती महादेवाची गोष्ट हाय, त्याच्या तोंडनं ऐक, मी सांगितली तर वाटोळं करीन.” आणि शेंगांचं सूप बाजूला सरकवून त्या माझ्यासमोर बसल्या. “सांगा.”

हे तू असं म्हणाला होतास, हे मला माहीत नव्हतं.

ओवी गायली नाही, नुसती गोष्टच सांगायला लागलो. मेंढका माळावर गेला. “व्हय,” वहिनी म्हणाल्या. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. सांगावा आला, बायको अडलीय. “मग?” देव म्हणाला, जा, मी हाय. “मग?” मेंढका लेकराचं तोंड बघून परत आला, आणि मेंढरांत एक मेंढी कमी.

वहिनी ‘मग’ म्हणाल्या नाहीत.

“आसं कसं?” त्या म्हणाल्या. “देव राखणीला हुता न्हवं? मग गेली कशी?”

विलास, शब्द तुझेच होते. पण तू विचारायचास तेव्हा तुझ्या डोळ्यांत चेष्टा असायची आणि लिंबाखालची सगळी माणसं हसायची. सोप्यात कुणी हसलं नाही. वहिनी मेंढीचं विचारत नव्हत्या, आणि मला दुसरं उत्तर ठाऊक नव्हतं.

“मेंढकाबी त्येच इचारतोय, वैनी,” मी म्हणालो.

तू गेल्यापासून त्या माझ्यासमोर रडल्या नव्हत्या. आता पदर डोळ्यांना लावून रडल्या आणि मीही रडलो. मग त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मग?”

मी पुढं सांगितलं. देवानं मान खाली घातली, काठी मागून घेतली आणि तो शोधायला निघाला.

“आन् घावली?”

“न्हाई.”

“आजून शोधतुया?”

“व्हय. आजून.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “शोधतुया तरी.”

मग त्यांनी चहा ठेवला. चहा पिताना मी विचारलं, “वैनी, जत्रंला याल? माझ्यासमोर बसायला?” त्यांनी कप खाली ठेवला. “मी? तुमच्यात चालतं व्हय?” माझ्या तोंडावर ‘बघू’ आलं होतं. ते गिळलं आणि म्हणालो, “इचारतो.” त्या म्हणाल्या, “इचारा. पण त्येंनी व्हय म्हटलं तरी मी भंडारा लावायची न्हाई हां. ह्येंच्या माघारी बरं दिसायचं न्हाई.” मी म्हणालो, ती अट आमच्याकडं जुनी आहे.

तुला आवडलं असतं का नसतं, हे आता मी विचारत नाही. तू ‘देवाबिवाचं कशाला रं’ म्हणाला असतास. आणि मी थांबलो असतो, तर तूच खुर्ची पुढं ओढून ‘मग?’ म्हणाला असतास. तू गेल्यावर सांगलीत माझ्यासमोर तसं बसणारं कुणी नाही. दमलेला माणूस कुणाला तरी सांगितल्याशिवाय उठत नाही, म्हणून हे सगळं तुला.

आता तात्यांना फोन करायचाय. ते काय म्हणणार ते मला ठाऊक आहे. म्हणतील, “महादू, आपल्यात तसं न्हाई.”

मग मी त्यांना विचारणार आहे, “का?”

तेवढं जमेल मला. इतकी वर्षं ऐकत आलोय.

तुझा,
महादेव